डावीकडची खिडकी

बायकोला गाडीत बसवण्याआधी गाईडने तिच्या खिडकीची काच स्वतःच्या हाताने पुसली. बाहेरून पुसली, आतून पुसली, मग रुमालाचं टोक ओलं करून कोपऱ्यात वाळून चिकटलेला एक डास खरवडून काढला.

"बस," तो म्हणाला. "बावीस वर्षं थांबलीस. आता नुसतं बघायचं."

बायको बसली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि आजची रजा मिळावी म्हणून काल तिने लागोपाठ दोन पाळ्या उभ्याने काढल्या होत्या. त्यामुळे खिडकीतून काय दिसणार यापेक्षा टेकायला मिळालं याचंच तिला जास्त सुख झालं होतं. पण नवऱ्याने डास काढला होता. तेव्हा तिने काचेकडे पाहून "छान आहे" म्हटलं. समोर गाड्या धुण्याचा हौद होता.

ही सहलीची गाडी रोज सकाळी शहरातून निघायची, साडेतीन तास डोंगर चढायची, तितकाच वेळ उतरायची आणि संध्याकाळी समुद्रकाठच्या गावात पोचायची. पुढे एका घडीच्या सीटवर प्रवाशांकडे तोंड करून गाईड बसायचा आणि माईकवरून एकवीस प्रेक्षणीय स्थळं सांगायचा. सोमवारी डोंगराखालून बोगदा सुरू होणार होता. सबंध दिवसाचं काम बोगदा नऊ मिनिटांत उरकणार होता आणि वरचा रस्ता कायमचा बंद होणार होता. साहेबांनी गाईडला बोलावून विचारलं होतं, "बोगद्यात तुम्ही काय सांगाल?"

गाईडने प्रामाणिकपणे विचार केला. "उजवीकडे अंधार. डावीकडे पाहा, तोच."

साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याची बदली सामानाच्या खोलीत केली.

म्हणजे आजची खेप शेवटची. कंपनीच्या नियमाप्रमाणे गाईडच्या घरच्या माणसाला वर्षातून एकदा या गाडीने फुकट जाता येत असे, आणि दर वर्षी काहीतरी आडवं आलं होतं. कधी मुलाची परीक्षा, कधी सासूबाईंचा गुडघा, कधी धुलाईखान्याचं मोठं यंत्र बिघडलेलं, तर कधी ते दुरुस्त झाल्यामुळे साठलेल्या चादरी. गाईड घरी आरशासमोर भाषणाची उजळणी करायचा, ती भांडी घासत ऐकायची. तिला ते भाषण त्याच्यापेक्षा जास्त पाठ होतं. त्यातला एकच भाग तिला आवडायचा, विसाव्या स्थळाचा. तिथे एका वळणावर डोंगराला खिंड पडते आणि खिंडीतून तेवढ्यापुरता समुद्र दिसतो. अकरा सेकंद.

"तेवढा एकदा दाखवा," ती म्हणायची. "बावीस वर्षं खरं बोलताय की थापा मारताय, ते तरी कळेल."

खाली उतरून समुद्र पाहणं शक्य नव्हतं. स्थानकापासून किनारा चालत अर्ध्या तासावर, आणि परतीची गाडी वीस मिनिटांत, तीही रात्रीच्या अंधारातून. पहाटे तिची पाळी. तेव्हा जे काही व्हायचं ते त्या अकरा सेकंदांत.

शहर मागे पडलं. गाडी पहिल्या चढाला लागली. हा रस्ता डोंगराच्या कमरेला पट्टा बांधल्यासारखा एकाच अंगाने चढत जायचा. एका बाजूला शेवटपर्यंत दरी, दुसऱ्या बाजूला शेवटपर्यंत कातळ. गाईडने माईकवर फुंकर मारली आणि तो म्हणाला, "सज्जनहो, आता आपल्या उजवीकडे पाहा. स्थळ पहिलं. पायऱ्यांची दरी."

उजवीकडच्या सगळ्या माना खिडक्यांकडे वळल्या. डावीकडच्या सगळ्या माना उजवीकडच्यांच्या डोक्यांवरून काही दिसतंय का ते पाहू लागल्या. त्या डावीकडच्यांत, सातव्या रांगेत, खिडकीशी, कातळाला नाक लावल्यासारखी त्याची बायको बसली होती.

गाईडने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

चूक कशी झाली ते त्याला लगेच कळलं, आणि म्हणूनच ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षं तो उलटा बसून आला होता. प्रवाशांची उजवी ती त्याची डावी. पहिल्या महिन्यात त्याने चाळीस माणसांना तास तासभर दगड दाखवला होता. साहेबांनी झापल्यावर त्याने जिभेला उलटं बोलायला शिकवलं. जीभ शिकली. बाकीचं शरीर होतं तिथेच राहिलं. त्याच्या हिशेबाने दरी डाव्या हाताला होती, जशी ती रोज असायची. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईने विचारलं होतं, "डावीकडची देऊ? नक्की?" आणि तो म्हणाला होता, "अहो, मी बावीस वर्षं जातोय!"

दुसरं स्थळ गेलं, तिसरं गेलं. बायको तक्रार करत नव्हती. हे वाईट लक्षण होतं. चौथ्या स्थळानंतर कोणाला उलटी होतेय का ते पाहण्याच्या निमित्ताने तो मधल्या वाटेने तिच्यापर्यंत गेला. तिच्या शेजारचे गृहस्थ गाडी सुटल्यापासून तोंड उघडं टाकून झोपले होते.

"चुकलंच गं," तो हळूच म्हणाला.

"दगड चांगला आहे," बायको म्हणाली.

"अगं, मला वाटलं..."

"नाही, खरंच. मघाशी एक काळा गेला, त्यात पांढरी रेघ होती. तुमच्या भाषणात या बाजूचा एक शब्द नाही. बावीस वर्षं अन्याय केलात हो दगडावर."

"विसाव्याच्या आधी तुला तिकडे बसवतो. माझ्यावर सोड."

"तुमच्यावरच सोडलं होतं," ती म्हणाली आणि परत दगडाकडे वळली.

गाईड जागेवर जाऊन विचार करू लागला. वळणावर तिला नुसतं उभं करून भागणार नव्हतं. त्या अकरा सेकंदांत उजवी बाजू नियम मोडून सगळीच्या सगळी उभी राहायची आणि डावीकडच्यांना समुद्राऐवजी लोकांच्या पाठी आणि विजारींचे पट्टे दिसायचे. खिडकीच हवी. आणि गाडी भरलेली होती, कारण रस्ता बंद होणार म्हटल्यावर, तो उघडा असताना कधी न आलेली सगळी माणसं तो पाहायला आली होती.

चहाच्या थांब्यावर त्याने आधी उजवीकडच्या, चौथ्या रांगेतल्या काकांना गाठलं. काकांच्या हातात कंपनीचं माहितीपत्रक होतं आणि प्रत्येक स्थळ झालं की ते पेन्सिलीने त्यावर खूण करत होते.

"काका, एक विनंती होती. विसाव्या स्थळापुरती जागा..."

"सातवं स्थळ," काका म्हणाले. "दुहेरी धबधबा. मला एकच दिसला."

"या दिवसांत एक आटतो."

"पत्रकात दोन छापलेत. मी अर्धीच खूण केली आहे. आता विसाव्याला उठलो तर अर्ध्या खुणेचंही समाधान नाही. नाही बुवा, जमणार नाही."

दुसरी आशा होती सहाव्या रांगेतल्या बाईंची. त्यांनी उजवीकडची खिडकी चार महिने आधी राखून ठेवली होती आणि गाडीत बसल्याबरोबर ऊन येतं म्हणून तिचा पडदा ओढून घेतला होता. आतापर्यंत त्यांनी फक्त तो पडदाच पाहिला होता. पडदा तपकिरी होता. त्या बाकड्यावर एकट्याच बसून उकडलेलं अंडं सोलत होत्या. गाईडने त्यांना सगळं सांगितलं: बावीस वर्षं, धुलाईखाना, डावी-उजवी, सोमवार.

"म्हणजे चूक तुमची," बाई म्हणाल्या.

"हो. माझीच."

"मग माझी खिडकी का?"

"तुम्ही पडदा लावलाय, म्हणून म्हटलं."

"हे पाहा भाऊ, खिडकी माझी आहे. बाहेर बघायचं की नाही हा माझा प्रश्न." त्यांनी अंड्यावर मीठ टाकलं. "आणि उगाच गळ घालू नका. मला ते आवडत नाही. कंपनीला कळवीन."

गाईडांनी प्रवाशांकडे खासगी विनंती करू नये असा नियम होताच. तो परत फिरला. गाडीच्या सावलीत ड्रायव्हर चाकाला टेकून उभा होता. हा ड्रायव्हर दिवसाला साधारण नऊ वाक्यं बोलायचा, त्यातली चार हॉर्नला उद्देशून असायची.

"काय पोपटराव," ड्रायव्हर म्हणाला. भाषणामुळे सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे. "जमलं?"

"नाही."

"मला आरशात वहिनी दिसतात." ड्रायव्हरने चहाचा शेवटचा घोट जमिनीवर टाकला. "दगडाकडे असं बघतायत, जसं काही दगडच चुकला. मला बघवत नाही."

"मग काय करू? गाडी उलटी चालवशील?"

ड्रायव्हरची वाक्यं बहुधा संपली होती. तो गाडीत चढला.

बायको मात्र चहाच्या टपरीमागच्या पायरीवर चपला काढून बसली होती. तिचे घोटे सुजले होते. गाईड शेजारी बसला.

"सोडा हो," ती म्हणाली. "इतकी माणसं समुद्र न बघता मरतात. काही अडत नाही त्यांचं."

"तुझं अडतं."

"माझं पाय दुखण्यावाचून काही अडत नाही." मग घोटा चोळत म्हणाली, "पण एक सांगा. आधी आभाळच खाली उतरल्यासारखं वाटतं आणि मग त्याला काठ दिसतो, असं तुम्ही म्हणता ना, ते तसंच असतं?"

"तसंच," गाईड म्हणाला.

हे बोलताना त्याने चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. कारण खरी गोष्ट अशी होती की तो समुद्र त्याने कधी पाहिलाच नव्हता. भाषण आधीच्या गाईडकडून वारशाने आलं होतं, कोटासकट. पहिल्या वर्षी विसाव्या स्थळाला त्याने एकदा मान वळवून पुढे पाहिलं होतं आणि समुद्राच्या आधी त्याला उलटी दिसली होती, स्वतःची. इतका तो उलटं बसायला सरावला होता की गाडीत पुढे तोंड केलं की पोट ढवळायचं. 'प्रवाशांकडे पाठ करू नये' असं कंपनीचं पत्र आलं, आणि त्यानंतर त्याने पाठ केली नाही. पुढे पुढे तर त्याला भीतीच वाटू लागली. समजा पाहिला, आणि आपण सांगतो तसा नसलाच, तर दुसऱ्या दिवशी काय सांगायचं? तेव्हा विसाव्या स्थळाला तो फक्त चेहरे पाहायचा. भांडत असलेली जोडपी मधेच गप्प होताना त्याने पाहिली होती. एकदा एका जाडजूड कंत्राटदाराने टोपी काढून छातीशी धरली होती. समुद्र तिथे नक्की आहे, याला त्याच्याकडे बावीस वर्षांचा पुरावा होता.

गाडी पुन्हा निघाली. दुपार चढली आणि गाडीतले निम्मे लोक पेंगू लागले. आठवं, नववं, दहावं. त्याचा घसा बसत चालला होता. चौदाव्याला 'गरुडकडा' म्हणताना त्याला जांभई आली, ती माईकवरून सगळ्यांना मिळाली. बायकोने डोकं काचेला टेकवलं होतं. गाडी हादरली की ते आपटायचं, पण ती उचलत नव्हती.

एकोणिसावं स्थळ झालं. पुढच्या वळणाला विसावं. गाईडने माईक तोंडाशी नेला आणि त्याला शब्दच सुचेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सातव्या रांगेत बायको सरळ होऊन बसली होती, दगडाकडे तोंड करून, शाळेत फोटो काढताना बसतात तशी. भाषण ऐकायला.

तेवढ्यात गाडी थांबली.

ते वळण असं होतं की तिथे कोणी थांबत नसे. 'थांबू नये' अशी पाटीच होती. ड्रायव्हरने गाडी त्या पाटीला टेकवूनच उभी केली. त्याने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि प्रवाशांकडे वळून म्हणाला, "चाक तपासायचंय. उतरलात तरी चालेल." मग आरशात बघून, "वहिनी, आधी तुम्ही."

गाईड खाली उतरला. बायको उतरली. सुजलेल्या पायांनी ती गाडीला वळसा घालून रस्त्याच्या कठड्यापाशी गेली, आणि तो तिच्या मागे. समोर दोन कड्यांच्या मधे ती खिंड होती. आणि खिंडीत काहीच नव्हतं.

म्हणजे धुकं होतं. पांढरंधोप, सपाट, नुकतीच इस्त्री केलेल्या चादरीसारखं, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत ताणलेलं.

दोघं बराच वेळ बघत राहिले.

"आभाळ खाली उतरलंय हे बरोबर," बायको म्हणाली. "काठ कुठाय?"

गाईडने कठड्यावरून वाकून पाहिलं.

"रोज असंच दिसतं?"

"मला काय माहीत," गाईड म्हणाला. घसा इतका बसला होता की खोटं बोलण्याची ताकदच उरली नव्हती. "मी कधी पाहिलाच नाही. मी उलटा बसतो."

बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्या पोटातून काहीतरी गुडगुडत वर आलं आणि ती हसायला लागली. कठड्याला धरून, डोळ्यांना पदर लावून हसली. "अहो! बावीस वर्षं! मला उठता बसता ऐकवलंत! आणि मी धुलाईखान्यात सगळ्यांना सांगितलंय, आमच्या यांनी रोज पाहिलाय म्हणून!"

"पाहिला असताच. पण पोट ढवळतं."

"पोट ढवळतं म्हणे!"

माहितीपत्रकवाले काका पेन्सिल घेऊन खाली आले होते. त्यांनी धुक्याकडे पाहिलं, पत्रकाकडे पाहिलं. "याला खूण करायची की नाही?"

"थांबा काका," बायको म्हणाली. तिने डोळे पुसले, हात खिंडीकडे केला, आणि हुबेहूब नवऱ्याचा आवाज काढून म्हणाली, "सज्जनहो, आता बोलणं थांबवा. तीन श्वास मोजा. आधी वाटेल, आभाळच खाली उतरलंय. मग त्याला एक काठ दिसेल. घाई करू नका. तो आपल्यासाठीच थांबलेला आहे."

खाली उतरलेले दहाबाराजण खरोखर गप्प झाले आणि धुक्याकडे बघू लागले. काकांनी बारीकशी खूण केली. सहाव्या रांगेतला पडदा दोन बोटं सरकला. "काही दिसत नाहीये!" आतून आवाज आला. "एवढ्यासाठी थांबवली का गाडी?"

"बाई, तुमच्या पडद्याला बाहेरून जोडी दिली," ड्रायव्हर म्हणाला. हे त्याचं दिवसातलं अकरावं वाक्य होतं. त्यालाही थकवा आलेला दिसत होता.

इतका वेळ कठड्यापाशी, दरीकडे तोंड करून उभं राहण्याची गाईडला सवय नव्हती. त्याला गरगरलं. तो खाली बसला, पांढरा पडला. बायकोने त्याला बखोटीला धरून गाडीत नेलं आणि स्वतःच्या खिडकीशी बसवलं. "दगडाकडे बघा. तो हलत नाही," ती म्हणाली. मग तिला बसायला जागा उरली नाही, म्हणून ती पुढे गेली आणि घडीची सीट उघडून तिच्यावर बसली. प्रवाशांकडे तोंड करून.

सगळे चढले. ड्रायव्हरने चाकाला एक लाथ मारली, म्हणजे तपासणी पूर्ण झाली, आणि गाडी सुरू केली.

"तुम्ही हे बघत होतात होय?" बायको सातव्या रांगेकडे पाहून मोठ्याने म्हणाली. "इतकी दमलेली माणसं?"

गाडी हळूहळू वळणातून पुढे सरकली. खालून वाऱ्याचा एक मोठा झोत उठला आणि गाडी हादरली. आणि बायकोला समोरचे चेहरे बदलताना दिसले. आधी काकांचा. त्यांची पेन्सिल पडली. मग त्यांच्या मागचे. मग सहाव्या रांगेत पडदा कडेपर्यंत सरकला आणि बाई खिडकीला दोन्ही तळहात लावून उभ्या राहिल्या. मग सगळी उजवी बाजूच उभी राहिली.

सातव्या रांगेत, डावीकडच्या खिडकीशी, गाईडला दिसत होत्या पाठी. पण उभं राहायची त्याच्यात ताकद नव्हती, आणि चेहरे न पाहताही त्या पाठींवरून त्याला कळलं.

"अगं!" तो बसक्या घशाने ओरडला. "मागे वळ! मागे!"

बायको वळली. ड्रायव्हरच्या मोठ्या काचेकडे, प्रवाशांकडे पाठ करून. गाईडने सवयीने मोजलं. दोन पाठींच्या फटीतून त्याला फक्त तिचा अंबाडा दिसत होता, आणि त्यातून निसटलेली केसांची एक बट. आठ, नऊ. अंबाडा हलला नाही. दहा. अकरा.

गाडी झाडीत शिरली. माणसं एकेक करून खाली बसली. बायको परत वळली.

असे चेहरे त्याने हजारो पाहिले होते. कंत्राटदाराचा, भांडणाऱ्या जोडप्यांचा, लहान मुलांचा. हा त्यातलाच होता, आणि नव्हता. पायांचं दुखणं तसंच होतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तशीच होती, आणि त्या सगळ्यावर विसाव्या स्थळाचं ते नवल होतं.

एकविसावं स्थळ सांगायचं राहून गेलं. काकांनीही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने, उतार संपून घरं दिसू लागल्यावर, गाईड बाकांना धरत धरत पुढे आला आणि तिच्या पायाशी पायरीवर बसला, उलटा.

"कसा होता?"

"तुम्ही सांगता तसा नाही," बायको म्हणाली.

"मग कसा?"

ती बोलायला लागली. तोंड उघडलं, हात थोडा वर केला. मग हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"आज नको हो," ती म्हणाली. "आज फार दमले. उद्या भांडी घासायला बसा, तेव्हा सांगेन."